आर्वीचं शीड

आर्वीच्या एसटी स्टँडवर छत्री उलटी होणं ही काही प्रेमकथेला शोभेल अशी सुरुवात नव्हे. पण सपनाची गोष्ट तिथूनच सुरू झाली, त्याला आता कोण काय करणार?

पोळा नुकताच होऊन गेला होता. बैलांच्या शिंगांचा रंगही अजून पुरता उतरला नव्हता. वर्ध्याहून गाडीनं आलेलं सुतळीचं बंडल घ्यायला सपना स्टँडवर आली होती. बंडल काखेत, हातात आईची ती भलीमोठी काळी छत्री. एकाएकी आभाळ भरून आलं, पावसाची सर आली आणि पाठोपाठ वाऱ्याचा असा सोसाटा आला, की छत्री पुढे आणि सपना मागे! चपला घासत, बंडल सावरत ती फरफटत चालली. समोर वर्ध्याची गाडी सुटायच्या बेतात होती. तिच्या पायरीवर एक पाय ठेवलेला उंच, सावळा तरुण टुणकन खाली उतरला आणि त्यानं छत्रीचा दांडा धरला. छत्री थांबली… आणि फटकन उलटी झाली.

"शीड तं मस्त आहे तुमचं," तो म्हणाला. "दोर बांधाचा तेवढा राहून गेला."

सपनानं त्याच्याकडे बघितलं. पाणी त्याच्या भुवयांवरून टपटप गळत होतं आणि तो हसत होता. रागवावं की आभार मानावेत हे तिला ठरवता येईना, म्हणून तिनं तिसरंच काहीतरी केलं. कुर्त्याच्या कॉलरमध्ये टोचून ठेवलेली सुई काढली, बाकावर बसली आणि काडीवरून सुटलेलं कापड टाचायला लागली. मंडपवाल्याची मुलगी ती. सुई-दोरा नेहमी अंगावर असायचाच.

"गाडी निघाली तुमची," ती मान वर न करता म्हणाली.

"हो… चुकली," तो म्हणाला. पण गाडी चुकलेल्या माणसाचा चेहरा कसा उतरलेला असतो, तसा काही त्याचा नव्हता.

पाऊस थांबेस्तोवर दोघांची चौकशी करून झाली. त्याचं नाव कुंदन. कोकणात जयगडच्या बंदरात तो लाकडी होड्या बांधणाऱ्यांकडे सुतारकाम करत होता. आर्वीला तो पुंडलिकराव मंडपवाल्यांना शोधत आला होता, सकाळपासून दोनदा दुकानाला कुलूप बघून कंटाळला होता आणि आता वर्ध्यावरून नागपूरला दुसरं कोणी मिळतंय का ते बघायला निघाला होता. दुकानाला कुलूप होतं, कारण पुंडलिकराव एका बारशाचा मांडव घालायला गेले होते. हे सपनाला पक्कं ठाऊक होतं, कारण पुंडलिकराव तिचेच वडील.

"पन इकडचे दिसता तुमी," ती म्हणाली. "अन् जहाजावर कसे गेले?"

"समुद्रपूर तालुक्यातला आहो मी. गिरडाजवळ दहा-बारा घरांचा टोला आहे आमचा. तालुक्याच्या नावात समुद्र अन् उन्हाळ्यात प्याले पानी नाई… म्हटलं, खरा समुद्र कसा राह्यते तं पाहून यावं एकदा."

पाहायला म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. सपनानं दोऱ्याची गाठ मारली, दातानं दोरा तोडला आणि छत्री उघडून बघितली. शिवण जमली होती. मग तिनं ती छत्री त्याच्याही डोक्यावर धरली आणि दोघं दुकानाकडे निघाले. छत्री मोठी होती; तरी दोघांचाही एकेक खांदा भिजला. सपनाला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

कुंदनचं काम असं होतं. जयगडला 'नवलाई' नावाचं गलबत तयार झालं होतं. सगळं जुन्या पद्धतीचं, पोटात इंजिन नाही, सगळी भिस्त वाऱ्यावर. दिवाळीनंतर ते किनाऱ्याकिनाऱ्यानं गोवा, कारवार, कोची करत थेट कन्याकुमारीपर्यंत जाणार होतं. दोन डोलकाठ्या, एक मोठं शीड, एक लहान. गलबताच्या तांडेलाचा, म्हणजे कप्तानाचा, हट्ट होता की शीडसुद्धा सुतीच पाहिजे. पण किनाऱ्यावरच्या शीड शिवणाऱ्यांनी प्लास्टिकच्या कापडाकडे वळून जमाना झाला होता. जाड सुती कापडाची शिवण कोणाच्या बोटात उरली नव्हती. तेव्हा कुंदनला आठवली गिरडची यात्रा. लहानपणी तो एका मांडवाखाली उभा होता आणि बाहेर ढगफुटी झाल्यासारखा पाऊस पडत होता, तरी आत एक थेंब आला नव्हता. मांडवाच्या कोपऱ्यावर लिहिलं होतं, 'प्रमिला मंडप व ताडपत्री, आर्वी'.

हे ऐकून पुंडलिकरावांची छाती फुगली. दुकानाला बायकोचं नाव देणारा हा गृहस्थ घरात मऊ होता, पण मांडवाच्या बाबतीत कर्दनकाळ. मांडवाला झोळ पडणं म्हणजे त्यांच्या लेखी घराण्याला डाग. झोळ पडला की तिथं पाणी साचतं आणि नेमकं नवरदेवाच्या डोक्यावर कोसळतं. कामावर असताना वाऱ्यात आवाज पोचत नाही, म्हणून ते हातानं हुकूम देत. मूठ वर केली की दोर ताणा. पंजा उघडला की सोडा. मूठ दिवसभर वर असे. पंजा मात्र पार कार्य उरकून, शेवटचा पाहुणा गेल्यावरच उघडे. सपना लहानपणापासून ती मूठ बघत वाढली होती.

वर्ध्याच्या विणकरांकडून जाड सुती कापडाचे तागे आले. कुंदननं मापं आणि शिडाचा आकार आणला होता. तो दोर आणि काठ बसवून देण्यासाठी आर्वीतच थांबला. दुकानामागच्या लांबलचक गोदामात शीड पसरलं आणि सपना त्याच्यावर बसून शिवायला लागली. खरं तर तिला या कामाचं वेड लागलं होतं. आजवर तिनं शिवलेलं सगळं कापड दोन दिवस लोकांच्या लग्नात टांगलं जायचं आणि पुन्हा घडी होऊन याच गोदामात यायचं. तिनं शिवलेलं काहीही कधी जिल्ह्याच्या बाहेर गेलं नव्हतं, आणि तीही गेली नव्हती. हे शीड पार कन्याकुमारीपर्यंत जाणार होतं.

कुंदन दोऱ्याला मेण लावायला बसायचा. मेण कमी लागायचं, बोलणं जास्त व्हायचं. तुमीचं तू कधी झालं, ते दोघांपैकी कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

"जहाजावर भीती नाई लागत?" तिनं एकदा विचारलं.

"लागते ना. रोज लागते."

"मंग?"

"मंग काय… थे बी येते संगं. तिले वेगळं तिकीट नाई लागत."

सपना हसली आणि सुई बोटात घुसली. कुंदननं तिचं बोट धरलं, फुंकर घालायला म्हणून तोंड खाली नेलं… आणि बाहेरून पुंडलिकरावांचा खाकरा ऐकू आला. त्यानं बोट असं सोडलं, जणू सुई त्यालाच टोचली होती.

एक दिवस प्रमिलाबाईंनी त्याला जेवायला बसवलं. गोळाभाताचा बेत होता. वाढता वाढता त्यांनी विचारलं, कोणाच्या घरचा रे तू? कुंदन आडपडदा न ठेवता म्हणाला, "गोंडाच्या घरचा आहो, काकू. आजी अजून गोंडीतच बोलते माह्यी." प्रमिलाबाईंचा हात पळीवर क्षणभर थांबला. मग त्यांनी कडकडीत तेलाची पळी त्याच्या भातावर ओतली आणि म्हणाल्या, "तेल कमी पडलं तं सांगजो." त्या रात्री भांडी विसळताना मात्र त्या लेकीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. आयांना अशा गोष्टी हवामान खात्याच्या आधी कळतात.

शीड जवळजवळ पुरं झालं, तेव्हा तांडेलाचा फोन आला. सुती शीड वाटेत फाटतंच, तो म्हणाला, तेव्हा शिवणारं माणूस गलबतावरच हवं. किनाऱ्यावरच्या दोन मुली खलाशांत आहेतच, त्यामुळे बाई असली तरी अडचण नाही. पुंडलिकराव फोन ठेवतात न ठेवतात, तोच सपना म्हणाली, "मी जाईन."

पुंडलिकराव आधी हसले. मग लेक हसत नाही हे बघून त्यांनी चष्मा काढला. आर्वीची पोट्टी अन् समुद्र? तिनं आठवण करून दिली, की मामाच्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला त्यांनीच शिकवलं होतं. विहिरीत लाटा नसतात, ते म्हणाले. मग इतकी वर्षं तिनं जे कोणाला सांगितलं नव्हतं, ते तिच्या तोंडून निघून गेलं.

"बाबा, मी शिवलेलं सारं घडी होऊन वापस येते. म्या एकदा घडी मोडून पाह्यली तं काय होईन?"

बाहेरच्या ओट्यावर जाऊन पुंडलिकरावांनी एक पान खाल्लं आणि परत आत आले. घरच्यांसमोर आणि कुंदनसमोर त्यांनी शब्द दिला.

"शीड चाललं तं जाजो. दुकानाचं नाव राखलं म्हनून जाजो. पन नाई चाललं, तं मंग समुद्राचं नाव काढाचं नाई. बोल, कबूल?"

"कबूल," सपना म्हणाली.

शेवटचे सगळे जोड पुंडलिकरावांनी स्वतः दुहेरी टाक्यांनी पक्के केले. शीड ट्रकमध्ये चढलं, सोबत कुंदनही चढला. निघताना तो काहीतरी बोलणार होता, पण ड्रायव्हरनं हॉर्न दिला. "पोचलो की कळवतो," एवढंच तो म्हणाला. सपनानं मान हलवली. ट्रक वळेपर्यंत ती दारात उभी होती, आणि वळल्यावरही.

दसऱ्याला फोन वाजला. कुंदननं शिडाचा व्हिडिओ पाठवला होता. सगळं घर मोबाइलभोवती गोळा झालं. 'नवलाई'च्या दोन्ही डोलकाठ्यांवर दोन्ही शिडं चढली होती, पांढरीशुभ्र, एक सुरकुती नाही. सुंदर दिसत होती. पण शेजारची मच्छीमारांची शिडाची होडी भुर्रकन पुढे निघून गेली आणि 'नवलाई' जागच्या जागी कुरकुरत राहिली. मागून तांडेलाचा आवाज आला, "भिंत छान बांधलीय हो तुमच्या आर्वीकरांनी."

पुंडलिकरावांनी व्हिडिओ पुन्हा लावला. पुन्हा लावला. शिवणीत खोट नाही, ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. ताण कुठे कमी नव्हता, झोळ कुठे पडला नव्हता. तरीही शीड चाललं नव्हतं, आणि शब्द म्हणजे शब्द. सपना गोदामात गेली आणि कापडाच्या चिंध्यांच्या ढिगावर बसून पोटभर रडली. गलबतासाठी रडली, बाबांसाठी रडली आणि खरं सांगायचं तर त्या सुतार पोरासाठीही रडली.

कुंदन मागच्या डोलकाठीचं लहान शीड घेऊन परत आला. दिवाळीआधी काही जमलं नाही तर प्लास्टिकचं शीड आणायचं, असं तांडेलानं ठरवलं होतं. कुंदन आला त्या दुपारी परतीच्या पावसानं आर्वीला झोडपायला घेतलं होतं. दुकानासमोर रिक्षातून उतरताना त्याच्या खांद्यावरचं शिडाचं गाठोडं भिजेल म्हणून सपना छत्री घेऊन धावली. तोच पुन्हा वाऱ्याचा झोत आला आणि पुन्हा छत्री तिला ओढत पुढे घेऊन निघाली. कुंदननं या वेळी दांडा धरला नाही, तिचं मनगट धरलं.

"तुह्यी छत्री अजून सुधरली नाई," तो हळूच म्हणाला.

भर पावसात उभी राहून सपना आतून छत्रीकडे बघत होती. एवढंसं कापड, आणि एका धडधाकट पोरीला ओढून नेतं! गोदामभर पसरणारं शीड मात्र जागचं हलत नाही… का? छत्रीच्या पाकळ्या तिनं कितीदा शिवल्या होत्या. पाकळीची कड सरळ नसते, थोडी गोल कापलेली असते. दोन गोल कडा एकमेकींना शिवल्या, की कापडाला आपोआप पोट सुटतं. वारा त्या पोटात शिरतो आणि अडकतो. त्यांनी शीड मांडवासारखं शिवलं होतं. वाऱ्याला त्यात घरच ठेवलं नव्हतं.

"कुंदन," ती म्हणाली, "झोळच पाह्यजे. आपन झोळच नाई ठेवला."

आता हे पुंडलिकरावांना कसं सांगायचं? झोळ हा शब्द त्या दुकानात शिवीसारखा. सपनानं तोंडानं सांगितलंच नाही. लग्नात भाड्यानं जाणारा मोठा फर्राटा पंखा तिनं दुकानाच्या मधोमध आणून लावला. आधी बाबांच्या हातात कापडाचा एक ताणलेला चौकोन दिला, मग छत्री दिली आणि बटण दाबलं. चौकोन नुसता फडफडला. छत्रीनं मात्र पुंडलिकरावांना गल्ल्यापासून थेट दारापर्यंत नेलं. प्रमिलाबाई पदर तोंडात धरून हसायला लागल्या.

पुंडलिकराव हसले नाहीत. ते छत्री मिटून स्टुलावर बसले. मग उठून त्यांनी फडताळातून ब्लेड काढलं.

"बाबा, मी उसवीन," सपना घाईनं म्हणाली.

"राहू दे. माह्या हातची शिवन आहे. मीच उसवतो."

आयुष्यभर जो टाका सुटू नये म्हणून जपला, तो ते एकेक करून तोडत बसले. सपना कात्री हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली. पण थांबायला वेळ कुठे होता? दिवाळी उंबऱ्यावर आली होती. ती पाकळ्या गोल कापत होती, कुंदन काठाला दोर बसवत होता, आणि बाबा पुन्हा दुहेरी टाके घालत होते, या वेळी तिच्या खुणांवरून.

शीड झालं. पण आर्वीत समुद्र कुठून आणायचा? ती अक्कल कुंदनची. बाजार समितीच्या आवारात त्या दिवशी आभाळ बघून कापसाची खरेदी बंद ठेवली होती आणि सिमेंटचं एवढं मोठं मैदान मोकळं पडलं होतं. तिथं गोमाजींची टायरची बंडी बैल सोडून उभी होती. गोमाजी म्हणजे पुंडलिकरावांचं जुनं गिऱ्हाईक, कोणाचीही थट्टा करायची संधी न सोडणारे. बंडीच्या मधोमध बांबू रोवून चारी बाजूंनी मांडवाच्या दोरांनी आवळलेला बघून ते तंबाखू मळायचे थांबले.

"माह्ये बैल इकले का, पुंडलिकराव?"

"नाई," पुंडलिकराव म्हणाले. "वारा जुंपून राह्यलो."

सपनानं बंडीवर चढून शीड बांबूला बांधलं. कुंदननं पुढे धुरा उचलून धरली, बंडी वाकडी जाऊ नये म्हणून. शिडाच्या खालच्या टोकाचा दोर पुंडलिकरावांनी दोन्ही हातांनी धरला. पलीकडच्या शेडमधून प्रमिलाबाई मोबाइलवर व्हिडिओ काढत होत्या.

आभाळ काळंभोर झालं. धुळीचा लोट उठला आणि वारा आला. शीड फाडकन वाजलं. सवयीनं पुंडलिकरावांनी दोर खच्चून ताणला आणि शीड पाटासारखं सपाट झालं. बंडी नुसती करकरली. गोमाजी हसले.

"काकाजी, ढील द्या," कुंदन पुढून म्हणाला.

ते देईनात. त्यांना देता येईना, हे सपनाला वरून दिसत होतं. त्यांची बोटं पांढरी पडली होती.

"बाबा," ती म्हणाली, "आपला झोळ पक्का आहे. सोडा थोडा."

त्यांनी वर लेकीकडे बघितलं. मग दोर एक वीत सोडला. आणखी एक वीत. शिडाला हळूच पोट आलं, पाकळ्या एकामागून एक भरल्या, बांबू कुरकुरला… आणि बंडीची चाकं फिरली. आधी इतकी सावकाश, की गोमाजींना वाटलं आपल्यालाच भोवळ आली. मग बंडी चालायला लागली, मग पळायला. पुढे धुरा धरून कुंदन धावतोय, मागे दोर धरून पुंडलिकराव धावताहेत, त्यांच्या मागे गोमाजी "माह्यी बंडी, माह्यी बंडी" करत धावताहेत, आणि वर केस मोकळे सुटलेली सपना बांबूला मिठी मारून मोठमोठ्यानं हसतेय! वजनकाट्यापासून निघालेली बंडी पार पलीकडच्या टोकाला, सरकीच्या पोत्यांच्या थप्पीत जाऊन शिरली तेव्हाच थांबली.

प्रमिलाबाईंच्या व्हिडिओत निम्म्या भागात त्यांचंच बोट आलं होतं. पण उरलेल्या निम्म्यात सगळं दिसत होतं. तांडेलाचं उत्तर लगेच आलं. "मोठं शीडपण असंच करा. आणि त्या बांबूवरच्या पोरीला घेऊनच या."

पुंडलिकराव धापा टाकत पोत्यावर बसले होते. त्यांनी निरोप ऐकला आणि एवढंच म्हणाले, "शब्द दिला आहे मी."

टपोरे थेंब पडायला लागले. शीड भिजू नये म्हणून सगळे ते गुंडाळून शेडकडे पळाले. मागे राहिली ती सपना, काळी छत्री आणि कपाळाला सरकीचा भुसा लागलेला कुंदन.

"एक सांगाचं होतं," तो म्हणाला. "थ्या दिवशी… गाडी चुकली नव्हती माह्यी."

"माहीत आहे. कंडक्टरनं दोनदा हाक मारली तुले. मी पाह्यलं."

कुंदन कपाळावरचा भुसा पुसायचाच थांबला. इतके दिवस जपून ठेवलेलं गुपित, आणि ते तिच्याकडे पहिल्या दिवसापासून! सपनाला त्याचा चेहरा बघून फार मजा वाटली आणि फार मायाही आली.

"मंग आता विचारूनच टाकतो," तो म्हणाला. "जहाजावर नाई विचारनार. तिथं तू नाई म्हटलं, तं तुले जाले जागा नाई. चारी बाजूनं पानीच. म्हनून इथं विचारून राह्यलो, जमिनीवर. सपना, मले तू लय आवडते. तुह्यासंगं जनम काढावं वाट्टे. हो म्हन, नाई म्हन… गलबतावर तू शीडवाली अन् मी सुतार, त्यात फरक नाई पडनार."

पाऊस छत्रीवर ताशा वाजवत होता. सपनाला तेव्हाच हो म्हणायचं होतं, अगदी जिभेवर आलं होतं. पण आजवर तिला कोणी असं, नाही म्हणायला मोकळी वाट ठेवून, काही विचारलं नव्हतं. ते सुख तिला जरा पुरवून पुरवून घ्यायचं होतं.

"कन्याकुमारीले सांगीन," ती म्हणाली आणि छत्री त्याच्या हातात देऊन पावसातून पळाली.

तांडेलानं ट्रकनं पाठवलेलं मोठं शीडही तसंच पाकळ्यांचं झालं. दिवाळी झाली आणि जयगडच्या धक्क्यावर चिवडा-अनारशांचे डबे घेऊन आर्वीकर हजर झाले. सपनानं पहिल्यांदा समुद्र बघितला. तो तिला वाटला त्याहून मोठा होता आणि तिला भीती वाटली. "आली का थे संगं?" कुंदननं विचारलं. "आली," ती म्हणाली, "बिनतिकिटाची." प्रमिलाबाईंनी लेकीच्या पिशवीत सुयांचा पुडा घातला आणि मग कुंदनच्या हातात एक वेगळा डबा दिला. "तुह्या आजीले बी पाठवला आहे फराळ," त्या म्हणाल्या. "गिरडले जाऊन आलो आम्ही." कुंदननं डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला. सपनालाही हे माहीत नव्हतं.

गलबत सुटायची वेळ झाली. तांडेलानं मान दिला, "मांडववाले, शेवटचा दोर तुम्ही सोडा." पुंडलिकरावांनी खुंट्याचा वेढा काढला आणि दोर हातात धरला. वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता. 'नवलाई' ओढ घेत होती, आणि त्यांनी सवयीप्रमाणे दोर घट्ट ताणून धरला होता. तांडेल थांबला, सगळेच थांबले. त्यांना कोणी घाई केली नाही. प्रमिलाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

दोर सळसळत पाण्यात पडला. वरती आर्वीच्या कापडात वारा शिरला, पाकळीमागून पाकळी भरली, आणि दोन्ही शिडांना असं गोल, देखणं पोट आलं की धक्क्यावरचे मच्छीमारसुद्धा बघत राहिले. गलबत वेग घ्यायला लागलं. सपना मागच्या कठड्याशी धावली. अंतर वाढत होतं, हाका ऐकू येणार नव्हत्या. धक्क्याच्या टोकाला पुंडलिकरावांनी हात वर केला. नेहमीसारखी मूठ वर गेली… आणि तिथं, हवेत, त्यांनी पंजा उघडला.

सपनाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसायलाही लागली. कार्य उरकायच्या आधी बाबांचा पंजा उघडलेला तिनं जन्मात बघितला नव्हता. तिनंही पंजा उघडून हात हलवला, धक्का दिसेनासा होईपर्यंत.

मग ती वळली. कुंदन मोठ्या शिडाचा दोर धरून उभा होता आणि तिच्याकडे न बघण्याचा कसोशीनं प्रयत्न करत होता.

"कन्याकुमारी लय दूर आहे," ती त्याच्याजवळ जाऊन म्हणाली.

"हाव… आहे खरी."

"इतके दिवस कायले थांबाचं? माह्यं उत्तर हो आहे. तू बी मले आवडते, थ्या गाडीतून उतरला तवापासून."

कुंदनच्या हातून दोर सुटला. शीड फडफडलं, गलबत डुललं, आणि सुकाणूवरून तांडेल गरजला, "सुतारा, दोर धर रे आधी!" सपनानंच झेप घेऊन दोर पकडला. दोघांनी मिळून तो ओढला, ना फार ताण, ना फार ढील, आणि वारा पुन्हा पोटभर भरून घेत आर्वीचं शीड दक्षिणेकडे निघालं.